चरख्याचा झेंडा आणि नागपूरचा सत्याग्रह

निरक्षरालाही कळेल अशी खूण

पारतंत्र्यातल्या हिंदुस्थानात भाषा अनेक, पंथ अनेक आणि वाचता येणारे थोडे. लेख-भाषणांनी जाग्या होणाऱ्यांपलीकडे जे कोट्यवधी लोक होते, त्यांना 'आपण एक आहोत' हे दिसायला हवे होते. 1921 साली बेझवाड्यात (आजच्या विजयवाड्यात) पिंगळी वेंकय्यांनी गांधीजींना झेंड्याचा आराखडा दाखवला. त्यावर चरखा असावा, ही सूचना जालंधरच्या लाला हंसराजांची.

ही निवड मला फार मोलाची वाटते. सिंह, तलवार, मुकुट यांतले काहीच नाही, घराघरातले अवजार! विलायती कापडाने ज्यांची सूतकताई बुडवली, त्यांना त्या चित्राचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही.

बंदीने वाढवलेले मोल

मार्च 1923 मध्ये जबलपूरच्या नगरपालिकेवर हा झेंडा लागला आणि सरकार खवळले. मग लढ्याचे केंद्र नागपूर झाले. सिव्हिल लाइन्स ही गोऱ्या साहेबांची वस्ती; तिथून झेंड्याची मिरवणूक न्यायची नाही, असा हुकूम होता. 1 मेपासून स्वयंसेवकांच्या तुकड्या झेंडा घेऊन निघायच्या, अटक व्हायची, दुसऱ्या दिवशी नव्या तुकड्या तयार! लढ्याचे नेते जमनालाल बजाज तुरुंगात गेले, तेव्हा सूत्रे वल्लभभाई पटेलांनी घेतली. कवयित्री सुभद्राकुमारी चौहानही पकडल्या गेल्या. गुजरात, बिहारहून आलेली माणसे नागपूरच्या एका रस्त्यासाठी शिक्षा भोगत होती. माझ्या मते झेंडा राष्ट्राचा झाला तो इथे; बेझवाड्यात तो फक्त आखला गेला होता. अखेर 18 ऑगस्टला मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली.

रंग कोणाचे?

सुरुवातीला लाल पट्टा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतरांचा मानला जाई. त्यावर शिखांनी हरकत घेतली, आणि ती रास्तच होती. सगळ्यांना जोडणाऱ्या खुणेतच वाटण्या कशाला? 1931 साली काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा हे रंग ठरवले आणि त्यांना धर्मवाचक अर्थ नाही, हे स्पष्ट केले.

खादीचे पुढे काय?

22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने चरख्याच्या जागी अशोकचक्र स्वीकारले. कापड मात्र हातसुताच्या खादीचेच राहिले. 2021 च्या अखेरीस नियम बदलला, आता यंत्रावरचा पॉलिस्टरचा झेंडाही चालतो. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती खादीचे राष्ट्रध्वज तयार करते. यंदा झेंडा विकत घेणार असाल, तर कृपया खादीचाच घ्या.