शिकाऊ नियंत्रकाचा कान

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरीफच्या विमानतळावर दाट धुके होते. एकाच धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ विमाने होती. एक डच, दुसरे अमेरिकन. डच विमानातून ‘आम्ही आता उड्डाणावर आहोत’ अशा अर्थाचे संदिग्ध शब्द आले. मनोऱ्यातून उत्तर गेले, ‘ओके’. त्यापुढील ‘थांबा, मी बोलावीन’ हे शब्द त्याच क्षणी अमेरिकन विमानाने पाठविलेल्या संदेशाशी भिडले आणि कर्कश आवाजात बुडाले. ५८३ माणसे प्राणांस मुकली. पुढे ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना वा ती रद्द करतानाच उच्चारावा, असा दंडक झाला.

प्रयागराजच्या प्रशिक्षण महाविद्यालयातून शिकून आलेला उमेदवार खऱ्या विमानांशी बोलू लागतो, तेव्हा शेजारी अनुभवी नियंत्रक तोच संवाद ऐकत बसतो. बोलणे लवकर साधते. ९ ला ‘नायनर’ म्हणावे, म्हणजे तो ५ सारखा ऐकू येत नाही, हेही अंगवळणी पडते. कठीण असते ते ऐकणे. वैमानिक आज्ञा परत म्हणून दाखवितो. ती जुळते की नाही, हे पारखावे लागते. नवख्याचे मन मात्र तोवर पुढील विमानाकडे धावलेले असते. (वर्गात ‘समजले का?’ असे विचारताच उठणाऱ्या एकमुखी ‘होय’चे मोल आम्ही शिक्षक जाणतो!)

शिक्षकाची अडचणही लहान नाही. लवकर टोकले तर शिष्य स्वतःची चूक स्वतः ओळखावयास शिकत नाही. उशीर झाला तर विमाने थांबत नाहीत. आणि शब्द शिष्याचे असले, तरी त्यांची जबाबदारी त्या वेळी शिक्षकाचीच असते.