पेरूच्या फांदीचा तीरकामठा

वाकवले की पुन्हा सरळ होऊ पाहणे हा लाकडाचा स्वभाव. ही ओढ दोरीने अडवून धरली की धनुष्य तयार होते. दोरी मागे खेचताना दांड्याची लक्ष्याकडची बाजू ताणली जाते. तिला पाठ म्हणतात. तिरंदाजाच्या तोंडाकडची बाजू दबते, ते पोट. सुके, निर्दोष लाकूड तंतूंच्या दिशेने जेवढी ओढ सोसते, त्याच्या साधारण निम्माच दाब सोसते. म्हणून धनुष्य आधी थकते ते पोटाकडून. मोडते मात्र बहुधा पाठीकडून, कारण पाठीवरचे तंतू कुठे कापले गेले असतील तर तिथूनच चीर उचलते. धनुष्य घडवण्याची सारी कला या दोन बाजू सांभाळण्यात आहे.

लातूर जिल्ह्यातील उदगीरचा परिसर बालाघाटाच्या पठारावरचा. इथे शेताच्या बांधावर आंबा, चिंच, बोर, सीताफळ दिसतात आणि विहिरीच्या कडेला पेरू. फळ गोड म्हणून लाकूड कामाचे, असे नसते. आंब्याचे लाकूड खोक्यांना आणि फळ्यांना ठीक. धनुष्याच्या वाकणाला ते टिकत नाही. सीताफळाचे मऊ पडते. चिंच जड आणि कणखर, पण तिचे तंतू एकमेकांत गुंतलेले, त्यामुळे ती सरळ फाटत नाही. बोर चिवट आहे. खाटेचे पाय आणि औताचे भाग त्याचे करतात. मात्र बोराची लांब सरळ फांदी मिळणे मुश्कील. राहिला पेरू. त्याचे लाकूड बारीक पोताचे, चिवट आणि लवचिक. गलोलीसाठी पोरे पेरूचीच बेचकी शोधत फिरतात, ते उगीच नाही.

तरी धनुष्याचे झाड म्हणून खरा मान धामणाचा. कोरड्या पानझडी जंगलांत वाढणाऱ्या या झाडाचे संस्कृत नाव धन्वन, आणि धन्व म्हणजे धनुष्य. त्याला वाटाण्याएवढी, खाण्याजोगी फळे येतात. सरबताचा फालसा त्याचाच भाऊबंद. फालशाच्या लाकडाचीही धनुष्ये आणि कावडीचे दांडे करत आले आहेत. एकाच लाकडातून धनुष्य कोरण्याची रीत फार जुनी आहे. डेन्मार्कमध्ये होल्मेगार्डच्या दलदलीत सापडलेली एल्म वृक्षाची धनुष्ये सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची आहेत.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग ही धनुष्याची द्रव्ये सांगितली आहेत. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, वेळू आणि जनावराचे स्नायू यांची नावे येतात. त्यांतली रुई मराठवाड्याच्या माळावर कुठेही उगवते. वेळूची दोरी तर अजून हयात आहे: नंदुरबार-धुळ्याकडच्या भिलांच्या कामठीचा दांडा बांबूचा असतो आणि तिला दोरीच्या जागी बांबूचीच चिवट पट्टी बांधलेली असते. रणांगणावरून मात्र धनुष्य तोफांपुढे मागे हटत गेले. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले, त्या विजयात मोठा वाटा इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा होता. रानात आणि मैदानावर धनुष्य टिकले. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले. त्यांची धनुष्ये चाकांची, कंपाउंड जातीची. पण बाणाला जोर देते ती तिथेही मुठीच्या दोन्ही बाजूंच्या वाकलेल्या पात्यांची सरळ होण्याची ओढच.

प्रौढ माणसाच्या धनुष्यासाठी साडेपाच फूट लांबीची, मनगटाहून जाड, कमीत कमी गाठींची फांदी लागते. पेरूच्या बुंध्याजवळून सरळ वर चढणारे पानसोट यासाठी सोयीचे. ते बागायतदाराला नाहीतरी काढून टाकायचे असतात. चार फुटांचीच फांदी मिळाली तर मुलासाठी हलके धनुष्य होते. आंबा, चिंच, जांभूळ ही झाडे तोडण्यावर १९६४ च्या राज्य कायद्याने बंधने आहेत. छाटणीत निघालेली पेरूची फांदी हाताशी असताना या कामासाठी उभ्या झाडाला हात लावण्याचे कारणही नाही. आडव्या वाढलेल्या फांदीची एक खोड असते. स्वतःला उचलून धरण्यासाठी ती वरच्या अंगाला निराळे लाकूड तयार करते. हे लाकूड ओढ चांगली सोसते, पण वाळताना लांबीत जास्त आकसते आणि फांदी त्या अंगाला वाकते. म्हणून कापतानाच वरच्या अंगावर खूण करावी आणि त्याच अंगाची पाठ करावी. मग तो बाक दोरीच्या ओढीच्या उलट दिशेला जातो आणि फायद्याचा ठरतो.

फांदी थंडीत, वाढ मंदावलेली असताना कापलेली बरी. कापल्याबरोबर दोन्ही टोकांना मेण किंवा फेविकॉल फासावे, कारण टोकांतून पाणी सर्वांत झपाट्याने उडते आणि चिरा तिथूनच पडतात. मग पोटाच्या बाजूचे लाकूड वाकसाने उतरवून फांदी अर्धी करावी, म्हणजे गाभा निघून जातो आणि वाळणे सारखे होते. साल हळूच सोलावी. सालीखालचा गुळगुळीत थर हीच धनुष्याची पाठ. त्यावर कोयत्याचा एक ओरखडाही उमटू देऊ नये. हा दांडा सावलीत वाळवावा. मराठवाड्याच्या उन्हात ओला दांडा ठेवला तर पाहता पाहता तडकतो; माळवदाच्या जाड भिंतींच्या घरात तुळईला टांगला तर सुखाने वाळतो. दर आठवड्याला तो काट्यावर ठेवावा. वजन उतरायचे थांबले की लाकूड तयार झाले. याला दोन-तीन महिने लागतात आणि ते द्यावेतच. घाईने ओलसर लाकूड वाकवले तर त्याला कायमचा बाक बसतो आणि धनुष्य निर्जीव होते.

घडवताना मध्यभागी मुठीचा भाग जाड ठेवतात. तिथून दोन्ही पाती दीड-पावणेदोन इंच रुंद निघून टोकाशी अर्ध्या इंचावर येतात. जाडीही टोकाकडे हळूहळू कमी होत जाते. एक हिशेब इथे डोक्यात पक्का असावा. रुंदी दुप्पट केली तर पात्याचा ताठपणा दुप्पट होतो. जाडी दुप्पट केली तर आठपट. वीस मिलिमीटर जाडीतून एकच मिलिमीटर उतरवला तरी ताठपणा सुमारे १४ टक्क्यांनी घटतो. म्हणून कुऱ्हाड लवकर बाजूला ठेवावी आणि पुढचे काम कानस, रंधा आणि शेवटी काचेच्या तुकड्याने करावे.

खरी परीक्षा वाकण साधण्याची. टोकांजवळ दोरीसाठी खाचा कोरून आधी सैल, लांब दोरी बांधतात. मूठ भिंतीतल्या खुंटीवर टेकवून दोरी खाली ओढतात, तीही एका वेळी दोन-तीन इंचच. चार पावले मागे उभे राहून पाहिले की दोष दिसतो: एके ठिकाणी पाते सपाट, ताठ, दुसरीकडे बिजागरीसारखे मोडल्यागत. ताठ जागेवर कोळशाने खूण करून तेवढेच पोट खरवडायचे. कमकुवत जागेला हात लावायचा नाही. तिच्या दोन्ही बाजू हलक्या करून तिचा भार कमी करायचा. पाठ तर कधीच तासायची नाही. गाठ असेल तिथे लाकूड थोडे रुंद सोडावे. दर खरवडण्यानंतर धनुष्य पंचवीस-तीस वेळा हलकेच ओढावे, कारण बदल लाकडात मुरायला वेळ घेतो. पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसल्या तर लाकूड दाबाखाली चुरडू लागले आहे असे समजावे. दोन्ही पाती कमानीसारखी एकसारखी वाकली की काम संपले. त्यापुढची खरवड नुकसानीची.

दोरीला अंबाडीचा वाख किंवा ताग तिपेडी वळून मेण लावले तर जुन्या पद्धतीचे काम होते. नायलॉन ताणते, म्हणून टाळावे. दोरी चढवल्यावर मूठ आणि दोरी यांत वळलेली मूठ व उभा अंगठा एवढे अंतर असावे. लाकडाला जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्यावेत, म्हणजे पावसाळ्यात ते लवकर दमट होत नाही. काम झाले की दोरी उतरवून धनुष्य आडवे टांगावे. आणि बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये: बाणाला मिळायचा जोर लाकडातच परततो आणि चार महिन्यांची मेहनत एका क्षणात तडकते.