जिमाका : बातमी लिहिण्याची शाळा
‘भंडारा, दि. १२ (जिमाका) :’ अशी सुरुवात असलेला मजकूर जिल्ह्यातल्या वार्ताहरांच्या रोजच्या परिचयाचा. जिमाका म्हणजे जिल्हा माहिती कार्यालय, माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची जिल्ह्यातली शाखा. जनसंपर्काचं लेखन शिकणाऱ्याने ही प्रसिद्धिपत्रकं नेमाने वाचावीत.

पावसाळ्यातलं उदाहरण घ्या. पवनीजवळच्या वैनगंगेवरील गोसेखुर्द धरणाला ३३ दरवाजे. ते उघडले की विसर्गाचा आकडा घनमीटर प्रतिसेकंदात येतो. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. पण लाखांदूरकडच्या नदीकाठच्या शेतकऱ्याला आधी हवं असतं ते एवढंच : वैनगंगेच्या पात्रात उतरू नका, जनावरं काठावर बांधू नका. म्हणून सूचना पहिल्या वाक्यात, आकडा दुसऱ्यात. नवशिका नेमकं उलटं करतो. आधी अधिकाऱ्याचं नाव, मग पदनाम, मग संदर्भ, आणि धोक्याचा इशारा तळाशी. ही सवय मोडणं हेच या कामातलं खरं शिक्षण.

असं काम प्रत्यक्ष कार्यालयात शिकण्याची एक वाट म्हणजे २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना. तिच्यात शासकीय कार्यालयांतही प्रशिक्षणाची सोय ठेवली. तेव्हा पदवीधरांना विद्यावेतन ठरलं दरमहा १० हजार रुपये.