माहितीपत्रकातला एक आकडा

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणे अनेक होती. पण कीटकनाशकाचे माहितीपत्रक किती बिनचूक हवे, हेही त्यातून उमगते. हेक्टरी मात्रा प्रत्येक भाषेच्या पत्रकात हाताने टाइप केली, तर कुठेतरी जुना आकडा राहून जातोच. म्हणून दस्तऐवजाच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्रेचा आकडा ‘व्हेरिएबल’ म्हणून एकदाच नोंदवतात. तिथे बदलला की सगळीकडे बदलतो. इशाऱ्याचे रूप त्याच सॉफ्टवेअरमधली ‘स्टाइल’ सांभाळते: डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या विषखुणेसारखे सर्वत्र एकसारखे. मूळ आकडाच चुकला तर चूकही सर्वत्र पसरेल, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तपासायची आणि दुरुस्तीची जागाही एकच उरते. छापून गेलेली पत्रके तेवढी परत मागवावीच लागतात.