न बोलावता आलेले समुद्रातले पाहुणे

मैत्रिणींनो, गाजरगवत कोणी हौसेनं पेरलेलं पाहिलंय का तुम्ही? तरी ते घरामागे आहे, शाळेच्या कुंपणाला आहे आणि उसाच्या बांधावरही आहे. हे गवत मूळ अमेरिकेकडचं. 1955 च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत भरलं. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचं बी आलं असावं, असं मानतात. नदीतल्या जलपर्णीचं घराणं तर थेट दक्षिण अमेरिकेतलं. जांभळ्या देखण्या फुलांसाठी लोकांनी ती कौतुकानं आणली आणि आता मुळा-मुठा, भीमा उन्हाळ्यात तिच्याखाली दिसेनाशा होतात.

जमिनीवरचे आणि नदीतले हे पाहुणे आपल्या रोजच्या ओळखीचे आहेत. समुद्रातही असेच न बोलावलेले पाहुणे येतात, हे मात्र आपल्या गावीही नसतं. आमच्या भांडगावापासून समुद्र दोनशे किलोमीटर दूर, मग आपल्याला त्याचं काय, असं वाटेल. पण हे पाहुणे येतात कसे आणि एकदा आले की जात का नाहीत, हे समजून घेतलं तर आपल्या घरातल्याही एक-दोन सवयी बदलाव्याशा वाटतील.

जहाजाच्या पोटातला प्रवास

रिकामं जहाज पाण्यावर फार वर तरंगतं आणि लाटांवर हेलकावे खातं. म्हणून माल उतरवला की त्या बंदरातलंच पाणी जहाजाच्या टाक्यांत भरून घेतात. याला बॅलास्टचं पाणी म्हणतात. पूर्वी तोल सांभाळायला दगड नाहीतर वाळू भरत, लोखंडी जहाजं आल्यावर पाणी आलं. पुढच्या बंदरात माल चढवायची वेळ आली की हे हजारो टन पाणी तिथे सोडून देतात.

आता बंदरातलं पाणी म्हणजे काही नळाचं गाळलेलं पाणी नव्हे. त्यात माशांची अंडी, शिंपल्यांची नि खेकड्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं, शेवाळं, रोगजंतू असं सगळं असतं. जगभरात एका वेळी सात हजारांवर जाती अशा टाक्यांतून फिरत असतात, असा अंदाज आहे. काही जीव जहाजाच्या तळाला बाहेरून चिकटून येतात. काहींना माणसानं खणलेले कालवे उपयोगी पडतात. 1869 साली सुएझचा कालवा उघडला आणि तांबड्या समुद्रातले शेकडो जीव भूमध्य समुद्रात जाऊन राहिले.

यातले बहुतेक वाटेतच मरतात. जगलेल्यांपैकी पुष्कळांना नवं पाणी मानवत नाही. पण एखाद्याला मानवलं, तर त्याला खाणारे शत्रू मागे मूळ गावी राहिलेले असतात आणि इथे रान मोकळं असतं. मग त्याची वस्ती भराभर वाढते.

मुंबईच्या गोदीतली शिंपली

मायटिलॉप्सिस सॅलेई असं अवघड नाव असलेली एक शिंपली आहे. मूळची कॅरिबियन समुद्राकडची. दिसायला कोकणातल्या शिनाण्यांसारखी, पण जेमतेम बोटाच्या पेराएवढी. 1967 साली ती विशाखापट्टणमच्या बंदरात सापडली आणि 1975 साली मुंबईच्या नौदल गोदीतही तिची नोंद झाली. पाणी गोडं असो की खारं, कोमट असो की घाणेरडं, तिला सगळं चालतं. महिना-दीड महिन्यात ती वयात येते आणि अंडी घालू लागते. ती एकटीदुकटी राहत नाही, एकीवर एक चिकटून द्राक्षाच्या घडासारखे घोस करते. जहाजाच्या तळाला असे घोस लागले की जहाज जड चालतं, इंधन जास्त लागतं. पाण्याचे पाइप तुंबतात.

जहाजाचं नुकसान कंपनी सोसेल, पण खाडीवर पोट असणाऱ्यांनी काय करावं? चेन्नईजवळच्या एन्नोरच्या खाडीत गेल्या काही वर्षांत अशीच दुसरी एक उपरी शिंपली इतकी माजली, की खाडीचा तळ तिनं झाकून टाकला. कोळंबीला चिखलात शिरायला जागा राहिली नाही, खाण्याच्या शिंपल्या खाली दबल्या. पाण्यात उतरून कोळंबी पकडणाऱ्यांचा रोजगार बुडाला. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलं आणि शिंपल्या उपसण्याचं काम हाती घ्यावं लागलं. केरळच्या खाड्यांतही ती पोचली आहे. तिथले लोक तिला ‘वरत्तन कक्का’ म्हणतात. वरत्तन म्हणजे बाहेरून आलेला, उपरा!

आपल्या किनाऱ्यावरही कोळणी ओहोटीला खाडीत उतरतात, तिसऱ्या नि कालवं काढून टोपलीनं विकतात. त्यांच्यापाशी ना मोठी होडी, ना यंत्र. तळाची ती चिखलाची पट्टी हीच त्यांची शेती. ती पट्टी उपऱ्यानं बळकावली तर नुकसानभरपाई मागायची कोणाकडे? जहाज केव्हाच पुढच्या बंदराला गेलेलं असतं.

आलेला पाहुणा घालवता येतो का?

एकदा आला, आणि तोही फार लवकर लक्षात आला म्हणून. 1999 च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात होड्या लावायच्या जागेत मुंबईच्या गोदीत सापडली तीच शिंपली दिसली. सहा महिन्यांपूर्वी तिथे तिचा मागमूस नव्हता. आता एका चौरस मीटरात वीस हजारांवर शिंपल्या होत्या! नशिबानं त्या जागेला मोठे दरवाजे होते, ते लगेच बंद केले. मग आतल्या पाण्यात टनावारी ब्लीचिंगचं द्रावण आणि मोरचूद ओतलं. शिंपल्या मेल्या, पण त्या पाण्यातलं बाकीचं सगळंही मेलं. वीस लाख डॉलरांवर खर्च आला. मुंबईच्या किंवा एन्नोरच्या उघड्या समुद्राला दरवाजे कुठून लावायचे?

काळ्या समुद्राची गोष्ट तर याहून वाईट. 1980 नंतरच्या दोन-चार वर्षांत अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा एक पारदर्शक, जेलीसारखा जीव जहाजांच्या पाण्यातून तिथे पोचला. लहान माशांचं खाणं आणि माशांची अंडी तो फस्त करू लागला. आधीच भरमसाट मासेमारी चालू होती, त्यात हा आला. दशक संपता संपता तिथली छोट्या मासळीची पकड कोसळली आणि मच्छीमारांची घरं बसली.

म्हणून शहाणपण एकच, उंबऱ्याच्या बाहेरच गाळायचं. नवीन गहू-तांदूळ आणले की आपण ते चाळून, ऊन दाखवून मगच डब्यात भरतो. एका पिशवीतले सोंडे सगळ्या कोठीत शिरले की काय होतं, ते आपल्याला पक्कं ठाऊक असतं! जगातल्या देशांना हे कळायला उशीर झाला, पण कळलं. 2000 ते 2004 या काळात राष्ट्रसंघाच्या पुढाकारानं सहा देशांतल्या सहा बंदरांत बॅलास्टच्या पाण्याचा अभ्यास झाला, त्यात आपली मुंबई होती. 2004 साली आंतरराष्ट्रीय करार ठरला आणि 8 सप्टेंबर 2017 पासून लागू झाला. जहाजानं टाकीतलं पाणी किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रात बदलायचं आणि पुढे जहाजावर पाणी शुद्ध करणारं यंत्रच बसवायचं, असा त्याचा रोख आहे.

आपल्या हातात काय आहे?

जहाजाचं काम जहाजवाले बघतील. पण सगळे पाहुणे जहाजानं येत नाहीत. पट्ट्यापट्ट्यांचा, विषारी काट्यांचा देखणा लायनफिश लोकांनी काचेच्या टाकीत पाळला. कंटाळा आल्यावर कोणीतरी तो समुद्रात सोडला असावा, असं मानतात. 1985 साली तो अमेरिकेत फ्लोरिडाजवळ दिसला, आज त्या सगळ्या किनाऱ्यावर त्याचा उपद्रव आहे. आपल्याकडेही टाकीची काच साफ ठेवणारा सकर मासा असाच सोडला जातो. मोठा झाला की तो जलाशयात शिरतो आणि त्याच्या खरबरीत अंगानं जाळी फाटतात. आपली भीमा पुढे कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. आपण काय सोडलं, ते खाली कुठवर जाईल सांगता येत नाही.

तेव्हा एवढं जरूर पाळू या:

• घरातले शोभेचे मासे नकोसे झाले तर विहिरीत, कालव्यात, नदीत सोडू नका. दुकानदाराला परत द्या, नाहीतर दुसऱ्या हौशी घरी द्या. ‘सोडून दिलं, पुण्य लागलं’ हा समज मुलांच्या मनातूनही काढा.

• टाकीतलं पाणी आणि वनस्पती गटारात किंवा ओढ्यात टाकू नका. पाणी कुंड्यांना घाला. वनस्पती कडक उन्हात पूर्ण वाळवून मग टाका.

• कानाजवळ लाल पट्टा असलेलं छोटं कासव मुलांना फार आवडतं. तेही अमेरिकेकडचंच. ते ताटाएवढं होतं आणि बरीच वर्षं जगतं. घेण्याआधीच विचार करा.

• जलपर्णीचं फूल कितीही गोड दिसलं तरी अंगणातल्या हौदासाठी रोप आणू नका.

• आफ्रिकन मांगूर माशाच्या पैदाशीवर आणि विक्रीवर 2000 सालापासून बंदी आहे. तो आपल्या पाण्यातले मासे खाऊन टाकतो. बाजारात कोणी गळ्यात मारू लागलं तर घेऊ नका.

यातलं कुठलंच काम खर्चाचं नाही, वेळेचंही नाही. डार्विनला जे करायला लाखो डॉलर लागले, ते आपल्या घरातून कधी घडूच नये यासाठी कुंडीत ओतलेलं बादलीभर पाणी पुरतं.