प्रत्येक आकड्याला स्वतःची पेटी

संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याची विद्या जे नव्याने शिकू लागतात, त्यांना आरंभीच्या धड्यांतच एक उदाहरण सोडवावयास मिळते. शंभर-दोनशे संख्या एकामागून एक संगणकाला द्यावयाच्या. प्रत्येक संख्या १ ते १० यांपैकीच असावयाची. आणि कोणती संख्या किती वेळा आली, हे संगणकाने अखेरीस सांगावयाचे. उदाहरण दिसावयास पोरखेळासारखे आहे. परंतु पुष्कळ विद्यार्थ्यांची गाडी नेमकी येथेच अडते. वास्तविक हेच उदाहरण आपल्या देशाने पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, सतरा कोटींहून अधिक मतदारांसाठी, साध्या लोखंडी पेट्यांच्या साहाय्याने सोडविले होते. तेव्हा संगणकाकडे वळण्यापूर्वी आपण मतदानकेंद्रात जाऊ.

मध्यप्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात बैहर हे कान्हाच्या अरण्यालगतचे तहसिलीचे गाव आहे. हा मुलूख ज्या जुन्या मध्यप्रदेशात मोडत असे त्याची राजधानी १९५६ पर्यंत नागपूर हीच होती. गोंड आणि बैगा या आदिवासींची येथे मोठी वस्ती असून बैहरचा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. १९५१ च्या शिरगणतीप्रमाणे देशातील साक्षरांचे प्रमाण शेकडा १८ च्या आसपास होते. अशा स्थितीत उमेदवाराचे नाव वाचून मत द्या, असे अरण्यातील मतदाराला सांगणे व्यर्थ होते. म्हणून १९५१-५२ आणि १९५७ या दोन्ही निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवण्यात आली व तीवर त्याचे चिन्ह लावण्यात आले. मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाची, एवढेच त्याचे काम. यांपैकी लक्षावधी पेट्या मुंबईत विक्रोळी येथील गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या.

या व्यवस्थेतील मर्म असे की, मतपत्रिकेवर काहीच लिहिलेले नसे. ती कोणाच्या बाजूची, हे ती कोठे पडली यावरून ठरे. स्थान हेच नाव झाले होते. संगणकशास्त्रात ज्याला ‘ॲरे’ म्हणतात, तो याहून निराळा नाही. ॲरे म्हणजे स्मृतीत एका ओळीत मांडलेले सारख्या मापाचे खण. प्रत्येक खणाला क्रमांक असतो, आणि क्रमांक सांगितला की तो खण तत्काळ उघडतो.

आता ॲरेवाचून हे उदाहरण कसे सोडविले जाते ते पाहा. नवशिका विद्यार्थी दहा संख्यांसाठी दहा वेगवेगळी नावे योजतो आणि मग विचारीत सुटतो : आलेली संख्या १ आहे काय? नसल्यास २ आहे काय? नसल्यास ३ आहे काय? दहाची मर्यादा उद्या शंभरावर गेली, तर त्याला शंभर प्रश्न लिहावे लागतील. दुसरा विद्यार्थी सर्व संख्या साठवून ठेवतो आणि प्रथम एकांसाठी, मग दोहोंसाठी, अशी सगळी यादी दहा वेळा चाळतो. हजार संख्या असतील तर त्याला दहा हजार तुलना कराव्या लागतात. पेट्यांची युक्ती ज्याला उमगली तो मात्र काहीच विचारीत नाही. संख्या ३ आली, की तिसऱ्या खणात एक मिळवावयाचा. ७ आली, की सातव्या खणात. हजार संख्यांना हजार वेळा मिळवणी पुरते. ३, १, ३, २, ३ अशा पाच संख्या आल्या, तर पहिल्या खणात १, दुसऱ्यात १ आणि तिसऱ्यात ३ दिसतील. आलेली संख्याच आपल्या खणाचा पत्ता सांगते. तिला शोधीत हिंडावे लागत नाही.

तथापि युक्ती कळली म्हणजे काम निर्वेध झाले, असे नव्हे. येथे चार दक्षता घ्याव्या लागतात, आणि चारही मतदानकेंद्रात पाळल्या जातात.

पहिली ही की, आरंभी प्रत्येक खण शून्य असला पाहिजे. आज मतदानयंत्रावर प्रत्यक्ष मतदानापूर्वी प्रतिनिधींसमक्ष किमान ५० मतांची चाचणी घेतात व ती मते पुसून यंत्र शून्य दाखविते याची खात्री करून देतात. विद्यार्थी खण शून्य करावयास विसरला, तर स्मृतीतील जुना केरकचरा त्याच्या बेरजेत मिसळू शकतो.

दुसरी दक्षता मर्यादेची. मतदानयंत्राच्या एका मतपत्रिका-संचावर १६ कळी असतात. उमेदवार थोडे असल्यास उरलेल्या कळी झाकून टाकतात. दहाच खण असता कोणी ११ ही संख्या दिली, तर काही संगणकभाषा चूक दाखवून थांबतात. परंतु ‘सी’सारख्या भाषेत शेजारच्या स्मृतीवर मुकाट्याने आक्रमण होऊ शकते. म्हणून संख्या मर्यादेत आहे काय, हे आधी तपासावे आणि बाहेरच्या संख्यांचीही अवैध मतांप्रमाणे स्वतंत्र गणना ठेवावी. याच भाषेत खणांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात, हेही ध्यानात असावे; एक खण अधिक घेऊन शून्याचा रिकामा सोडणे नवशिक्यास सोयीचे पडते.

तिसरी दक्षता बेरजेची. सर्व खणांची व अवैध संख्यांची मिळून बेरीज, दिलेल्या एकूण संख्यांइतकी आलीच पाहिजे. मतदान संपल्यावर यंत्रातील एकूण मतांचा मेळ मतदारांच्या नोंदवहीशी घालतात तो याचसाठी.

चौथी दक्षता अधिक खोल आहे. खणांत केवळ बेरीज राहते. कोणती संख्या केव्हा आली हा क्रम लोप पावतो. गुप्त मतदानात हा गुणच होय. परंतु बेरजेविषयी शंका आली, तर नुसत्या बेरजेवरून ती पुन्हा तपासता येत नाही. त्यासाठी मूळ नोंद जपून ठेवावी लागते. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सर्व उमेदवारांची चिन्हे छापलेली एकच मतपत्रिका आली, तिच्यावर मतदार शिक्का मारू लागला, आणि पेट्यांची रांग मतदानकेंद्रातून निघून मतमोजणीच्या टेबलावरील वर्गवारीत गेली. त्यामुळे प्रत्येक मतपत्रिका आपली साक्ष स्वतः देऊ लागली. आज यंत्रासोबत निघणारी कागदी चिठ्ठी मतदाराला सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्यांशी ताडून पाहतात, आणि त्या मोजताना उमेदवारवार खणांतच टाकतात. पेट्यांची जुनी रांग अशी पुन्हा उपयोगी पडली आहे.

या युक्तीलाही सीमा आहे. वयाचे आकडे मोजावयाचे तर सव्वाशे खण पुरतील. पण दहा अंकी दूरध्वनी क्रमांक किती वेळा आले हे मोजावयाचे, तर एक हजार कोटी खण लागतील व त्यांतील बहुतेक रिकामेच राहतील. तेथे जे क्रमांक प्रत्यक्ष आले तेवढ्यांचीच नोंद ठेवणारी निराळी रचना योजावी लागते.

१७ नोव्हेंबर २०२३ रोजी मध्यप्रदेश विधानसभेसाठी मतदान झाले, तेव्हा सुरक्षिततेच्या कारणास्तव बैहरमध्ये ते दुपारी ३ वाजताच संपविण्यात आले. राज्यात इतरत्र बहुतेक ठिकाणी ते संध्याकाळी ६ पर्यंत चालले. त्या आखूड दिवसात अरण्यातील वाट तुडवून जो मतदार केंद्रावर पोहोचला, त्याच्या श्रमाचे फळ म्हणजे एका खणात मिळविलेला एक. तो योग्य खणात पडावा, एकदाच पडावा आणि मागाहून पडताळता यावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. वर्गातील दहा खणांचे उदाहरण सोडविताना विद्यार्थ्याने हीच काटेकोर सवय लावून घ्यावी. कारण पुढे त्याच्या हाती येणारे आकडे बहुधा माणसांचेच असतील.