सेन्सर खराब नाही, मोड चुकलाय! एसपीआयचे ४ मोड सोप्या भाषेत

फोन आडवा केला की स्क्रीनही आडवी होते. फोन कसा धरलाय हे ओळखायचं काम त्यातला अ‍ॅक्सेलरोमीटर नावाचा छोटासा सेन्सर करतो. एडीएक्सएल३४५ हा त्याच प्रकारचा सेन्सर. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी बरेच जण तो अर्डुइनो उनोला जोडतात. वायरिंग बरोबर असतं, कोड एकही एरर न देता अपलोड होतो, पण स्क्रीनवर भलतेच आकडे येतात! मग "सेन्सर गेला" असं म्हणून नवीन मागवला जातो. थांबा, पैसे घालवण्याआधी एसपीआयचा मोड तपासा.

एसपीआय म्हणजे काय?

दोन चिपनी एकमेकींशी बोलायची ही एक पद्धत आहे. मोटोरोला कंपनीने ती १९८० च्या दशकात आणली. यात चार वायर असतात. उनोवर पिन १३ क्लॉकची, ११ डेटा पाठवायची आणि १२ डेटा घ्यायची. चौथी वायर कोणत्या चिपशी बोलायचं ते ठरवते, तिच्यासाठी साधारणपणे पिन १० वापरतात.

डेटा पाठवताना क्लॉकची वायर लो-हाय, लो-हाय होत असते. या ठेक्यावर एकेक बिट पुढे सरकतो. बांधकामावर विटा हातोहात फेकतात ना, तसंच. एकाने कधी फेकायची आणि दुसऱ्याने कधी झेलायची हे ठरलेलं हवं. नाहीतर वीट खाली!

मग मोड कशासाठी?

दोन गोष्टी ठरवायच्या असतात. पहिली, काम नसताना क्लॉक लो ठेवायचा की हाय. दुसरी, बिट क्लॉकच्या पहिल्या बदलाला वाचायचा की दुसऱ्या. दोन गुणिले दोन, म्हणून चार मोड:

- मोड ०: क्लॉक एरवी लो, वाचन पहिल्या बदलाला
- मोड १: क्लॉक एरवी लो, वाचन दुसऱ्या बदलाला
- मोड २: क्लॉक एरवी हाय, वाचन पहिल्या बदलाला
- मोड ३: क्लॉक एरवी हाय, वाचन दुसऱ्या बदलाला

अर्डुइनोच्या लायब्ररीत काही सांगितलं नाही तर मोड ० धरला जातो. एडीएक्सएल३४५ ला मात्र मोड ३ लागतो. गोंधळ इथेच होतो.

एरर का येत नाही?

आयटूसी या दुसऱ्या पद्धतीत समोरची चिप प्रत्येक बाइटनंतर "मिळालं" अशी पोच देते. एसपीआयमध्ये अशी पोच नसते. चुकीच्या वेळी वाचलेला बिटही उनो खरा मानून घेतो. समजा, १११००१०१ म्हणजे २२९ हा आकडा एक घर उजवीकडे सरकला आणि पुढे शून्य लागलं, तर तो ०१११००१० म्हणजे ११४ होतो. आकडा दिसतो तर खरा, पण चुकीचा.

दोन मिनिटांची टेस्ट

एडीएक्सएल३४५ च्या रजिस्टर ० मध्ये त्याची ओळख कायमची लिहिलेली असते: २२९. त्यासाठी आधी १२८ पाठवा, मग ० पाठवा आणि त्या वेळी परत आलेला बाइट बघा. २२९ आला तर सेन्सर जिवंत आहे आणि मोडही बरोबर आहे. नाही आला तर एसपीआय सेटिंगमध्ये मोड ३ टाका, वेग १० लाख हर्ट्झ ठेवा आणि पुन्हा बघा. चुकीच्या मोडने चिप जळत नाही, त्यामुळे बिनधास्त करून बघा.

व्होल्टेजच्या बाबतीत मात्र बिनधास्तपणा नको! उनोच्या पिनवर ५ व्होल्ट येतात आणि ही चिप ३.६ व्होल्टपर्यंतच चालते. मॉड्यूलवर लेव्हल शिफ्टर नसेल तर वेगळा लावा.

एकाच बसवर दोन चिप असतील तर?

एसडी कार्डला मोड ० लागतो, तर तापमान मोजणाऱ्या मॅक्स३१८६५ ला मोड १ किंवा ३. दोन्ही एकत्र जोडता येतात, फक्त प्रत्येक चिपशी बोलण्याआधी तिचं सेटिंग लावायचं आणि काम झालं की ट्रान्झॅक्शन बंद करायचं.

नवीन चिप हातात आली की आधी तिच्या डेटाशीटमध्ये मोड शोधा. मोडचा नंबर दिला नसेल तर टायमिंगची आकृती बघा: क्लॉक एरवी कुठे आहे आणि बिट कधी वाचला जातो. एवढं कळलं की मोड कळला, आणि चांगला सेन्सर कचऱ्यात जायचा वाचला!